शिरगावची वाडी आणि तीन वाद्यें

मुंबईहून उत्तरेस जाणाऱ्या आगगाडीनें विरार मागें टाकलें, म्हणजे प्रवासाचें स्वरूप एकाएकीं पालटतें. इमारतींची दाटी संपते. वैतरणेच्या पुलावर गाडी आली कीं दोहों बाजूंस खाडीचें रुंद पात्र पसरतें आणि पूर्वेकडे निळसर डोंगरांची ओळ दिसूं लागते. पुढें सफाळें, केळवें रोड हीं स्थानकें जातात आणि पालघर येतें. १ ऑगस्ट २०१४ पासून हें जिल्ह्याचें ठिकाण झाल्यामुळें स्थानकाबाहेरची गजबज पुष्कळच वाढली आहे; परंतु पश्चिमेस सातपाटीकडे जाणारा रस्ता धरला, म्हणजे थोड्याच वेळांत भातखाचरें, नारळी आणि वाऱ्यावरून येणारा खारट वास, असें जुन्या ओळखीचें जग पुन्हां भेटतें. ह्या रस्त्यावर सुमारें सात किलोमीटरांवर शिरगाव आहे.

आम्हांस शिरगावास जाण्याचें निमित्त निव्वळ हौसेचें नव्हतें. तेथें आमच्या वडिलांनीं घेतलेली एक लहानशी वाडी आहे. नारळी, थोडे चिकू, केळी, एक विहीर आणि मंगलोरी कौलांचें घर, एवढाच तिचा पसारा. आम्ही तिघे बंधू. थोरले, म्हणजे दादा, मुंबईस, आम्ही पुण्यास, आणि धाकटा गेलीं पंचवीस वर्षें वाडीवर. वाडीचें पुढें काय करावयाचें, ह्याचा निर्णय तिघांनीं एकत्र बसून घ्यावा, असा दादांचा निरोप आला. खरें सांगावयाचें तर दादांचा आणि आमचा निर्णय फोनवर आधींच झाला होता. वडिलांची आठवण म्हणून वाडी राखावयाचीच, ह्यांत दोघांचेंही एकमत होतें. धाकट्याचें मत निराळें असेल, ही शंका आमच्या मनास शिवलीही नव्हती. पंचवीस वर्षें जो वाडीवर राहिला, त्याला ती सोडावयाची इच्छा कशी असेल?

पोहोंचलों त्या दिवशीं दुपार टळल्यावर सर्व मंडळी किल्ला पाहावयास गेली. शिरगावच्या उत्तरेस सातपाटी, दक्षिणेस माहीम आणि केळवें, अशा ह्या किनाऱ्यावर जुनीं ठाणीं हारीनें वसलेलीं आहेत. (हें माहीम मुंबईंतल्या माहीमाहून निराळें, हें नव्या प्रवाशानें ध्यानांत ठेवावें.) शिरगावचा किल्ला आकारानें लहान, पण दरवाजा, बुरुज आणि तटावरून फिरण्याची वाट अद्याप बऱ्या स्थितींत आहे. ही सगळी पट्टी एके काळीं पोर्तुगीज अमलाखालीं होती. १७३९ च्या आरंभीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत माहीम, केळवें, तारापूर ह्या ठाण्यांबरोबर शिरगावही मराठ्यांकडे आलें. तारापूरच्या तटाशीं बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा पडला, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई हातीं आली. वसईच्या देवळांतून काढून आणलेल्या घंटा नाशिकास नारोशंकराच्या देवालयांत, भीमाशंकरास आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आजही आहेत. त्यांचा नाद ऐकतांना हा सूर परदेशचा आहे, असें आपल्या आजीपणजींपैकीं कोणाच्या मनांत आलें असेल, असें वाटत नाहीं.

किल्ल्यांतलें नवल म्हणजे तेथील रावणताड. ताडाला फांदी नसते, हा आपला नित्याचा अनुभव. पण ह्या जातीच्या झाडाचा बुंधा वर जाऊन दुभंगतो, त्या फांद्या पुन्हां दुभंगतात आणि प्रत्येकीच्या टोकाला पानांचा स्वतंत्र झुबका असतो. दादा खालीं उभे राहून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "पाहिलंत? खोड एक, शिरं अनेक. एकत्र कुटुंब असं असावं." सर्वांनीं माना डोलावल्या. धाकटा मात्र झाडाच्या मुळाशीं उकरलेली माती पायानें सारखी करीत होता. त्या वेळीं आम्हांस त्याचें कांहीं वाटलें नाहीं.

परत येतांना सुरूच्या बनांतून समुद्रावर गेलों. ओहोटी होती. ओल्या वाळूचा विस्तीर्ण पट्टा मावळत्या उन्हांत चकाकत होता आणि उत्तरेस सातपाटीच्या होड्या ओळीनें परतत होत्या. बनाच्या कडेचीं कांहीं झाडें मुळें उघडीं पडून आडवीं झालेलीं दिसलीं. "समुद्र आंत येतोय," एवढेंच धाकटा म्हणाला.

दिवेलागणीनंतर बैठक बसली. दादांनीं तासभर आपला विचार मांडला. वडिलांचे कष्ट, झाडांचीं वयें, पुढच्या पिढीला मूळ ठिकाण असण्याची आवश्यकता, हे सर्व मुद्दे त्यांनीं नेहमींच्या हातोटीनें सांगितले. आम्हीं अधूनमधून दुजोरा दिला आणि एकदोन ठिकाणीं त्यांच्याच म्हणण्याला थोडी वेलबुट्टी जोडली. शेवटीं दादांनीं धाकट्याकडे पाहिलें. तो म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणाल तसं." निर्णय झाला असें समजून आम्ही पानांवर बसलों. वालाचें बिरडें आणि तांदळाची भाकरी ह्यांच्या समाचारांत वाडीचा विषय मागें पडला.

जेवणें आटोपल्यावर मंडळी ओटीवर आली. दादांची धाकटी कन्या मुंबईस चेलो शिकते. चेलो हें व्हायोलिनच्याच कुळांतलें थोरलें वाद्य. खुर्चीवर बसून दोहों गुडघ्यांमध्यें धरून तें वाजवितात. त्याचा आवाज मंद्राकडे झुकणारा, पुरुषाच्या कंठाशीं मिळताजुळता असतो. खाऱ्या हवेनें लाकूड बिघडेल म्हणून वाद्य तिनें आणलें नव्हतें. परंतु मोबाईलवर एक ध्वनिमुद्रण होतें. "काका, ऐकाल?" म्हणून तिनें विचारलें. आमच्या घरीं गाणें म्हणजे ख्याल आणि नाट्यगीत. व्हायोलिनचा परिचय गजाननबुवा जोशी आणि डी. के. दातार ह्यांच्या वादनांतून झालेला. तेंही रागदारीच्या अंगानें. पाश्चात्य संगीत आपल्याकरितां नाहीं, अशी समजूत करून घेऊन आम्ही इतकीं वर्षें त्यापासून दूर राहिलों होतों.

"आकाशवाणीची सकाळची धून तर ऐकली आहे ना?" ती हंसून म्हणाली. ती कोणीं ऐकली नाहीं? तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिनची ती ओळ ऐकत आमच्या पिढीनें डोळे चोळले, दांत घासले आणि शाळेचीं दप्तरें भरलीं. ती धून वॉल्टर काउफमान ह्यांची मानली जाते, हें मात्र आम्हांस त्या रात्रीं प्रथम समजलें. हे गृहस्थ १९०७ सालीं बोहेमियांतील कार्ल्सबाड येथें ज्यू कुटुंबांत जन्मले. जर्मनींत हिटलरची सत्ता आल्यावर त्यांच्यासारख्यांना तेथें थारा उरला नाहीं, आणि १९३४ सालीं ते मुंबईस आले. येथें त्यांनीं लहान बैठकीच्या पाश्चात्य संगीतासाठीं एक मंडळ स्थापिलें. स्वतः काउफमान पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर आणि एजिदियो वेर्गा चेलोवर, असे हे तिघे एकत्र वाजवीत. मेहली मेहता हे जगप्रसिद्ध वाद्यवृंदसंचालक झुबिन मेहता ह्यांचे वडील. १९३५ सालीं मुंबईंत त्यांनीं सिम्फनी वाद्यवृंद उभा केला. काउफमान पुढें मुंबई नभोवाणीवर पाश्चात्य संगीताचें काम पाहूं लागले आणि १९४६ मध्यें त्यांनीं हिंदुस्थान सोडला. परंतु येथील राग त्यांच्याबरोबर गेले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा ग्रंथ १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. देशोधडीस लागलेल्या माणसानें आश्रय देणाऱ्या देशाचें ऋण फेडावें, तें ह्याहून अधिक चांगलें कसें?

पियानो, व्हायोलिन आणि चेलो ह्या तीन वाद्यांच्या रचनेस तिकडे ट्रायो म्हणतात. तिचा इतिहास आमच्या पुतणीनें थोडक्यांत सांगितला, तो वाचकांसही रुचेल. अठराव्या शतकांत हायडननें असे पुष्कळ ट्रायो लिहिले. पण त्यांतलें मुख्य वाद्य पियानो. व्हायोलिन त्याच्याशीं संवाद करी, कधीं दोन ओळी स्वतंत्र म्हणे. चेलोला मात्र बहुधा स्वतःचें असें कांहीं नसे. पियानो वाजविणाऱ्याचा डावा हात खालच्या पट्टींत जे स्वर वाजवी, तेच चेलोनें धरून ठेवावयाचे. त्या काळच्या पियानोचा खालचा आवाज क्षीण असे, लवकर विरे. त्याला आधार पाहिजे म्हणून चेलो. ह्या रचना छापल्या जात त्याही 'व्हायोलिन व चेलो ह्यांच्या साथीसह पियानोचा सोनाटा' अशा मथळ्याखालीं.

१७९५ मध्यें बीथोव्हेननें आपली पहिली कृति म्हणून तीन ट्रायो प्रसिद्ध केले, तेव्हांपासून चेलोचें बंधन सैल होऊं लागलें. पुढें ज्याला रोमँटिक म्हणतात, त्या भावप्रधान संगीताच्या काळांत तें सुटलें. शूबर्टनें १८२७ सालीं लिहिलेल्या एका ट्रायोंत संथ भागाची मुख्य चाल प्रथम चेलोच म्हणतो. मेंडेल्सोननें १८३९ मध्यें लिहिलेल्या ट्रायोचा तर आरंभच चेलोनें होतो. जें वाद्य पन्नास वर्षांपूर्वीं दुसऱ्याचा डावा हात होतें, त्यानें आतां तोंड उघडावें आणि बाकीच्या दोघांनीं थांबून ऐकावें, अशी ही व्यवस्था.

तिनें लावलें तें मुद्रण द्वोर्झाकच्या 'दुम्की' नांवाच्या ट्रायोचें होतें. आंतोनिन द्वोर्झाक (१८४१–१९०४) हा काउफमानच्याच बोहेमियाचा. बाप खाटीक आणि खाणावळवाला. तरुणपणीं हा गृहस्थ प्राग येथील नाट्यगृहाच्या वाद्यवृंदांत व्हायोला वाजवीत असे. व्हायोला म्हणजे मधला आवाज, ज्याकडे श्रोत्यांचें लक्ष क्वचितच जातें. मागें बसणाऱ्या वाद्यांविषयींची त्याची जाण तेथूनच आली असावी. 'दुम्का' हा शब्द युक्रेनकडचा. तेथें कोबझार नांवाचे फिरते, पुष्कळदां आंधळे गायक आपल्या गोंधळ्याशाहिरांप्रमाणें गांवोगांव जाऊन जुन्या लढाया, कैद आणि ताटातूट ह्यांचीं दीर्घ गीतें म्हणत. त्यांस 'दुमा' म्हणतात. त्यावरून 'दुम्का' म्हणजे विचारांत बुडालेलें, उदास गीत. द्वोर्झाकच्या ट्रायोंत अशा सहा दुम्का आहेत. प्रत्येकींत मन खालीं बसतें, मग एकाएकीं उसळून नाचूं लागतें आणि पुन्हां खालीं येतें. आपल्याकडे विलंबित झाल्यावर द्रुत येतें आणि बैठक तेथें संपते. येथें द्रुतामधून पुन्हां विलंबितांत उतरावें लागतें. पहिल्या तीन दुम्का न थांबतां एकींतून दुसरी अशा निघतात.

हा ट्रायो ११ एप्रिल १८९१ रोजीं प्राग येथें प्रथम वाजला. प्राग विद्यापीठानें द्वोर्झाकास सन्माननीय डॉक्टर केलें, त्या प्रीत्यर्थ तो समारंभ होता. पियानोवर स्वतः द्वोर्झाक, व्हायोलिनवर लाख्नर आणि चेलोवर विहान. पुढल्या वर्षीं अमेरिकेस जाण्यापूर्वीं ह्या तिघांनीं बोहेमिया व मोरेव्हियांतील सुमारें चाळीस गांवीं हिंडून तो ऐकविला. कर्ता परदेशीं असतांना १८९४ सालीं छपाई झाली, तेव्हां त्याचीं मुद्रितें ब्राम्ससारख्या थोर संगीतकारानें तपासून दिलीं. मित्रकार्य असें असतें.

ओटीवरचा दिवा मालवला होता. भरती लागल्याचा आवाज बनापलीकडून येत होता. आम्हांस त्या संगीताचें व्याकरण कांहींच समजत नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे. कोणता स्वर कोठून आला, हें शोधण्याचा प्रयत्न आम्हीं थोड्याच वेळांत सोडून दिला. परंतु चौथी दुम्का सुरू झाली आणि आम्ही सावरून बसलों. पियानो आणि व्हायोलिन एक साधीशी चाल पुन्हां पुन्हां, एखाद्या दूरच्या वाटेवर पावलें पडावींत तशी, म्हणत होते. आणि त्या पावलांवरून चेलो एकटाच बोलत होता. आवाज उंच नाहीं, घाई नाहीं, तक्रारही नाहीं. पुष्कळ दिवस मनांत ठेवलेली गोष्ट कोणी सावकाश सांगावी, तसा तो सूर होता. दादांनीं मध्येंच कांहीं विचारलें; धाकट्यानें हात वर करून त्यांना थांबविलें. दादांना कोणीं असें थांबविल्याचें आमच्या आठवणींत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही विहिरीवर गेलों, तों धाकटा आधींच तेथें उभा होता.

"भाऊ," तो म्हणाला, "त्या पोरीनं काल सांगितलं, चेलोला पूर्वी फक्त खालचा सूर धरायचं काम होतं. होय ना?"

"होय."

"त्यानं तो सोडला असता तर?"

"वरच्यांचं गाणं उघडं पडलं असतं."

त्यानें कांहीं न बोलतां पोहरा सोडला, पाणी वर काढलें आणि आमच्या ओंजळींत ओतलें. तें पाणी खारट होतें. समुद्राच्या पाण्यासारखें नव्हे. पण घोट घशाखालीं उतरेना, इतकें खास.

"सहा वर्षं झालीं," तो म्हणाला. "प्यायचं पाणी बाहेरून आणतों. नारळी धरतायत, केळी गेल्या. चिकूचं काय होईल तें दिसतंच आहे. हिचे गुडघे गेले. दवाखान्यासाठीं दर आठवड्याला पालघर. लेक तिथं आहे, ती चला म्हणते."

"अरे, मग सांगितलं कां नाहींस?"

"विचारलं कुणी?"

ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही दरसाल मे महिन्यांत चार दिवस जात होतों. हापुसाच्या पेट्या नेत होतों, नारळांचीं पोतीं आणीत होतों, समुद्रावर फिरत होतों आणि 'येथें मनाला किती शांत वाटतें' असें म्हणत परतत होतों. पिण्याचें पाणी माठांतून मिळे; तें कोठून येतें, हें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. 'वाडी राखावी' हें आमचें वाक्य. तें राखण्याचे कष्ट त्याचे. पंचवीस वर्षें तो राहिला, ह्यावरून त्याला राहावयाचें आहे, असा अर्थ आम्हीं काढला होता. त्यानें सूर सोडला नाहीं, म्हणून तो सूर त्याचाच आहे, असें आम्ही समजलों.

न्याहारीनंतर आम्हीं दादांस म्हटलें, "आज आधीं धाकट्याला बोलूं द्या." तो बोलला. फार नाहीं, पांच-सात मिनिटें. विहीर, झाडें, बायकोचें दुखणें आणि पालघरचें बिऱ्हाड, एवढेंच. वडिलांच्या आठवणीचा मुद्दा दादांनीं पुन्हां काढला, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "दादा, वडिलांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याजवळ मीच होतों. आठवण माझ्यापाशीं पुष्कळ आहे." दादांचा चेहरा उतरला. ते उठले आणि परसांत गेले. आम्हांस वाटलें, रागावले. मागोमाग गेलों, तर ते विहिरीच्या काठावर ओंजळभर पाणी घेऊन उभे होते. त्यांनीं तें तोंडांत घेतलें, थोडा वेळ तसेच राहिले आणि गिळलें. परत येऊन त्यांनीं धाकट्याला एवढेंच विचारलें, "पावसाळ्याच्या आधीं जातां येईल का रे?"

पावसाळ्यापूर्वीं धाकट्यानें बिऱ्हाड पालघरास न्यावें आणि घरभाड्याचा भार दोघां वडील भावांनीं वाहावा, असें ठरलें. वाडी विकावी कीं ठेवावी, हा प्रश्न तूर्त खुला आहे. दिवाळीनंतर तो सांगेल तसें करावयाचें. दादांना तें पुरतेंपणीं पटलें, असें म्हणवत नाहीं. आमच्याही मनांत त्या कौलारू घराविषयींची ओढ आहेच. पण ज्याच्या पाठीवर ओझें आहे, त्यानें तें केव्हां उतरावें, हें ठरविण्याचा अधिकार इतरांचा नव्हे.

परतीच्या गाडींत पुतणीनें विचारलें, "काका, आवडलं का संगीत? कीं उगाच माझ्यासाठीं ऐकलंत?" आम्हीं तिला चौथी दुम्का पुन्हां लावावयास सांगितलें. खिडकीबाहेर वैतरणेची खाडी भरतीच्या पाण्यानें तुडुंब भरली होती.

शिरगाव पाहण्यासारखें आहे. किल्ला आहे, रावणताड आहे, सुरूचें बन आणि विस्तीर्ण वाळवंट आहे. पालघरपर्यंत लोकलगाडी जाते, त्यामुळें मुंबईकरांस एका दिवसांत जाऊन येतां येतें. परंतु आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें मूळ घर कोठेंतरी गांवीं आहे आणि घरांतील कोणी एक जण तें मुकाट्यानें सांभाळीत आहे, त्यांनीं ह्या वर्षीं तेथें गेल्यावर माठांतलें पाणी पिऊं नये. विहिरीवर जावें, एक पोहरा काढावा, चाखावा. आणि जो तेथें राहतो, त्याच्याशेजारीं बसून त्याला आधीं बोलूं द्यावें.